‘ध्रु.’, झील आणि लूप

दिवाळी आटोपली की भंडारा जिल्ह्यात मंडयांचे दिवस येतात. भाऊबीजेच्या मागेपुढे एकेका गावाची मंडई भरते. दिवसा दुकाने, पाळणे आणि घरोघरचे पाहुणे, रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक. काही वर्षांपूर्वी साकोली तालुक्यातल्या अशाच एका मंडईत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने रात्रभर बसून दंडारीची गाणी ध्वनिमुद्रित केली. घरी गेल्यावर ती लॅपटॉपवर घेतली, त्यातली सर्वांत स्वच्छ उतरलेली एक झील निवडली, तिची दोन्ही टोके कापली आणि तेवढा तुकडा लूपमध्ये टाकला. म्हणजे तो तुकडा संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू, आणि हे कितीही वेळ. खाली ढोलकीचा असाच एक फिरता तुकडा आणि वर त्याचा स्वतःचा आवाज. मला त्याने तो प्रयोग ऐकवला तेव्हा पहिले मिनिटभर फार छान वाटले. दुसऱ्या मिनिटाला कुठेतरी काहीतरी खटकू लागले, पण नेमके काय, ते मला सांगता येईना.

ते सांगितले त्याच गावातल्या एका वृद्ध गृहस्थांनी. त्यांनी तरुणपणापासून दंडारीत झील दिली होती. तुकडा त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि एवढेच विचारले, की हा माणूस दम कधी घेतो?

वाचकांपैकी बहुतेकजण साहित्याचे विद्यार्थी अथवा अध्यापक असल्याने, संगणकाकडे वळण्याआधी मी त्यांना एका परिचित चिन्हाकडे नेतो. तुकोबांच्या गाथेची कोणतीही छापील प्रत उघडावी. पहिल्या चरणानंतर ‘॥१॥’, दुसऱ्यानंतर ‘॥ध्रु.॥’, आणि मग ‘॥२॥’ पासून पुढे अभंग चालू. हे ‘ध्रु.’ म्हणजे ध्रुवपद. ध्रुव म्हणजे न ढळणारे. प्रत्येक चरणानंतर इथे परत यायचे आहे, असे गाणाऱ्याला सांगणारी ती खूण आहे. आजच्या परिभाषेत बोलायचे तर ती लूपची खूण आहे. गाणाऱ्याच्या हातातल्या वहीत ती पुरते, कारण त्याच्या मागे टाळकरी उभे असतात आणि कीर्तनकाराने चरण टाकला की ध्रुवपद उचलणे हे त्यांचे काम असते. १८६९ साली विष्णु परशुराम शास्त्री पंडितांनी संपादिलेल्या गाथेचा पहिला भाग इंदुप्रकाश छापखान्यातून बाहेर पडला आणि हळूहळू गाथा एकांतात, मनातल्या मनात वाचण्याचे पुस्तकही झाली. त्या वाचकामागे टाळकरी नव्हते. ‘ध्रु.’ त्याला दिसते, पण तो परत जात नाही. आपणही जात नाही. वर्गात अभंग शिकवताना मी स्वतः कितीतरी वर्षे ध्रुवपद एकदाच वाचले, आणि मग त्याच्या ‘आशया’वर चाळीस मिनिटे बोललो. सात चरणांच्या अभंगात जी ओळ गाताना निदान सात वेळा यायची, तिला माझ्या तासात इतर कोणत्याही ओळीएवढाच वाटा मिळत असे.

आपली भाषाही या बाबतीत निर्दोष नाही. कुणी कुणाच्या म्हणण्याला मम म्हणू लागला की आपण म्हणतो, त्याने ‘री ओढली’. ‘झील ओढणे’ हाही तसाच हेटाळणीचा प्रयोग. कुणी एकच गाऱ्हाणे पुन्हापुन्हा सांगू लागला तर त्याने ‘पालुपद लावले’. शाहिराच्या मागे उभे राहून त्याचा सूर धरणाऱ्या माणसाच्या कामावरून मराठीने हे वाक्प्रचार घडवले, आणि ते सगळे खुशमस्करीकडे वा कंटाळ्याकडे झुकलेले आहेत. पुढे बोलणारा तो कर्ता, मागे पुन्हा म्हणणारा तो होयबा, अशी उतरंड वाक्प्रचारांतच बसून गेली. (‘आवृत्ती’ हा शब्द मात्र या अपमानातून सुटला. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली की लेखकाला आनंदच होतो.)

आता झाडीपट्टीत परत येऊ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या या पट्ट्यात, वैनगंगेच्या दोन्ही अंगांना, दंडार आणि खडी गंमत हे प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. दंडार गावातलीच माणसे करतात, स्त्रियांची सोंगेही पुरुषच घेतात. खडी गंमत नावाप्रमाणे उभ्याने होते; शाहीर, नाच्या, ढोलकी, तुणतुणे, टाळ आणि मागे झीलकरी. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि या लोककला यांवर मोठे काम केले, त्यामुळे आपल्यासारख्यांना निदान त्यांची नावे आणि रूपे ठाऊक झाली. पण लोकगीतांच्या संग्रहांची म्हणून एक सर्वसाधारण रीत आहे, ती महाराष्ट्रात सगळीकडे सारखीच. संग्राहक बोलीतले उच्चार जिवापाड जपतो. ‘ळ’ चा ‘र’ आणि ‘ण’ चा ‘न’ कुठे होतो, ते काटेकोर टिपतो. झील मात्र तो एकदाच लिहितो. पुढे कंसात ‘धृ.’, की संपले. कागद महाग होता, हे खरेच. पण ते एकच कारण नव्हते. जे पुन्हा आले ते नवे नाही आणि जे नवे नाही ते लिहिण्याजोगे नाही, ही आपल्या साक्षर मनाची समजूत त्यामागे होती.

रात्र जागवून दंडार पाहिली तर ही समजूत टिकत नाही. शाहीर ओळ टाकतो. तिच्या शेवटच्या दोन-तीन शब्दांवर झीलकरी झडप घालतात आणि ती वर नेतात. तेवढ्यात पुढच्याला श्वास मिळतो, पुढची ओळ आठवायला वेळ मिळतो. आठवली नाही तर झील आणखी दोनदा फिरते आणि प्रेक्षकांना वाटते, आज रंग चढला. मध्यरात्रीनंतर लय किंचित वाढलेली असते. ती कुणी ठरवून वाढवलेली नसते, झील आणि ढोलकी यांनी एकमेकांना ढकलत ती तिथे आणलेली असते. थंडीत घसे बसतात, सूर उतरू लागतो, तेव्हा एखादा जुना झीलकरी कान धरून तो परत जागेवर आणतो. म्हणजे शब्द तेच, चाल तीच, आणि तरी रात्रीतली चाळीसावी झील पहिलीसारखी नसते. पुनरावृत्ती हे इथे ऐकण्याचे काम आहे. पुढचा काय करतो आहे ते ऐकल्याशिवाय मागच्याला तेच ते म्हणताच येत नाही.

धानाच्या रोवणीतही असेच. चिखलात वाकलेली बायांची रांग, एका बाजूने ओळ येते, दुसरी बाजू ती उचलते, आणि हात ज्या गतीने रोप खोवतात ती गती गाण्याला मिळते. पश्चिम महाराष्ट्रात ही जागा जात्याने घेतली होती. जात्यावरच्या ओव्यांचा सर्वांत मोठा संग्रह ज्यांनी केला ते गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर. पुण्यात राहून, मुळशी आणि आसपासच्या खेड्यांपासून आरंभ करून, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या क्रमाने येऊ लागल्या. कागदावर ओवी दोन ओळींची. गाताना मात्र अर्धी ओळ पुन्हा येते, ‘गं बाई’ येते, दुसरी बाई शेपूट उचलते, आणि दगडाच्या फेऱ्यांवर ती दोन ओळींची वस्तू कितीतरी लांबते. हे कळण्यासाठी ध्वनिमुद्रण हवे होते, आणि ते १९९० च्या दशकात ज्यांनी केले ते बर्नार बेल हे फ्रेंच संशोधक.

बेल यांचे नाव येथे केवळ ध्वनिमुद्रक म्हणून आलेले नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी आणि जिम किपन यांनी ‘बोल प्रोसेसर’ नावाची एक संगणक-आज्ञावली रचली होती. किपन लखनौला उस्ताद अफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. कायद्याचे मूळ बोल घेऊन त्यांचे पलटे कोणत्या नियमांनी होतात, ते संगणकाला शिकवावे, त्याने पलटे रचावेत, आणि ते चालण्याजोगे आहेत की नाहीत हे उस्तादांनी सांगावे, अशी ती पद्धत. खाँसाहेब नाही म्हणाले की नियम बदलायचा. मला या प्रसंगाचे महत्त्व फार वाटते. लूप या शब्दाने आज जे सॉफ्टवेअर डोळ्यांसमोर येते ते बाजारात येण्याच्या कितीतरी आधी संगणक आपल्या तालाजवळ आला होता, आणि येताना ‘तेच ते पुन्हा वाजवू का?’ असे न विचारता ‘त्यातून वेगळे काय निघते, आणि ते बरोबर आहे का?’ असे विचारत आला होता. उत्तर द्यायला समोर माणूस बसलेला होता. याच रस्त्याने पुढे जाणे झाले असते तर इतिहास वेगळा झाला असता. पण तसे झाले नाही.

ज्या रस्त्याने गेलो त्याची सुरुवात अडकलेल्या तबकडीपासून होते. ‘तीच रेकॉर्ड लावली’ हा आपला आणखी एक वाक्प्रचार, पालुपदाचा धाकटा भाऊ. भारतात तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात फ्रेड गायसबर्ग यांनी सुरू केले. तीन-सव्वातीन मिनिटांच्या त्या बाजूवर अस्ताई-अंतरा, थोड्या ताना आणि समाप्ती एवढे बसवायचे म्हटल्यावर पहिली कात्री मुखड्याच्या पुनरावृत्तीवर चालणार हे उघडच होते. रंगभूमीवर वन्समोअर घेत रंगणारी पदे तबकडीवर घाईघाईने उरकतात, ते म्हणूनच. छापखान्याने आवृत्ती गाळली होती, तबकडीने ती आखडली.

मग १९४८ साली पॅरिसच्या नभोवाणीत पिएर शेफर यांनी उलटी युक्ती केली. तबकडीवरची रेघ सर्पिल असते, म्हणून सुई आत सरकत जाते. त्यांनी रेघ स्वतःतच मिटवून टाकली. सुई पुन्हा त्याच वर्तुळात. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर असे एक वर्तुळ म्हणजे साधारण पाऊण सेकंद. आगगाडीचा, भांड्याचा, कसलाही पाऊण सेकंदाचा आवाज अखंड ऐकत बसले असता शेफर यांच्या ध्यानात आले, की थोड्या वेळाने तो आवाज कशाचा आहे हे कान विसरतो. गाडी नाहीशी होते, उरतो केवळ नाद. कवितेच्या अभ्यासकाला हा अनुभव नवा नाही. कोणताही शब्द पन्नास वेळा उच्चारून पाहावा, त्याचा अर्थ गळून पडतो. नामजप करणाऱ्याला तर हे आधीच माहीत होते. फरक इतकाच, की जप करणाऱ्याचा अर्थ गळाला तरी जप करणारा जागेवर असतो. मिटलेल्या रेघेत आवाजाचा धनीच गळून पडतो.

पुढची काही वर्षे तिकडे चुंबकीय फितीचे तुकडे टोकाला टोक चिकटवून फिरवण्यात गेली. त्यांतला एकच प्रयोग सांगण्याजोगा. १९६५ साली स्टीव्ह राइक यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका रस्त्यावरच्या धर्मोपदेशकाच्या बोलण्यातला तोच तुकडा दोन यंत्रांवर एकाच वेळी लावला. यंत्रे सारखी, फिती सारख्या, तरी दोन्ही यंत्रांची गती केसभर वेगळी होती; आवाज हळूहळू एकमेकांपासून सरकू लागले, आणि त्या सरकण्यातच राइक यांना रचना सापडली. त्यांचे मित्र टेरी रायली यांनी १९६४ च्या ‘इन सी’ या रचनेत ५३ छोटे स्वरसमूह लिहिले आणि वादकांना सांगितले, की प्रत्येकाने प्रत्येक समूह हवा तितक्या वेळा वाजवावा, पण इतरांना ऐकत वाजवावा. हे तर जवळजवळ झीलकऱ्याचेच काम. हेच रायली १९७० मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले आणि पुढे कितीतरी वर्षे तंबोऱ्याजवळ बसले. मला यात पूर्वेच्या अध्यात्माचा विजय वगैरे दिसत नाही, तसे लिहिण्याची आपल्याकडे फार हौस आहे. मला दिसते ते एवढेच: पुनरावृत्तीचे वेड घेतलेला एक माणूस अशा ठिकाणी आला, जिथे चार तारा रात्रभर त्याच क्रमाने छेडणारा शिष्य गुरूच्या मागे बसलेला असतो, आणि त्याचे नाव कुणी विचारत नाही.

हे नाव न विचारणे आपल्याकडच्या लेहऱ्यापाशी सर्वांत ठळक दिसते. तबल्याच्या एकल वादनात हार्मोनियम किंवा सारंगीवर तालाच्या एका आवर्तनाएवढी एक धून सतत वाजत राहते. तोच लेहरा किंवा नगमा. त्रितालात सोळा मात्रांची, झपतालात दहांची. तबलजी तुकडे, कायदे, रेले वाजवत कुठेही जाऊन येवो, सम कुठे आहे हे लेहरा सांगतो. लेहरेवाल्याने सजावट करायची नाही, तान घ्यायची नाही, तासभर तेच. टाळ्या पडतात त्या दुसऱ्याला. पण चांगला लेहरेकरी समोर बसलेला पाहावा. त्याची नजर तबलजीच्या हातांवर असते, तिहाई सुरू झाली की तो लय घट्ट धरतो, लय चढवायची झाली तर एका खुणेवर चढवतो. तोही झीलकऱ्याच्याच जातीचा.

या माणसाला यंत्राने बाजूला सारले, आणि इथे माझा पक्ष थोडा डळमळतो. बंगळूरचे अभियंता आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि पुढे ‘तालमाला’ हे तालयंत्र घडवले; लेहऱ्याच्या कॅसेटी निघाल्या, एका बाजूला अर्धा तास एकच ताल एकाच लयीत; आता ते सगळे मोबाइलमध्ये आले. तुमसरच्या किंवा पवनीच्या मुलाला तबल्याच्या परीक्षेची तयारी करायची तर रोज दोन तास लेहरा धरायला कोण येणार होते? ज्यांच्या घरी संगतकार येऊ शकत होते त्यांचाच रियाज होत होता, बाकीच्यांचा नाही. तेव्हा यंत्राने माणूस घालवला, असे म्हणताना तो माणूस कुणाच्या अंगणात उभा होता हेही विचारले पाहिजे. परीक्षकांपुढे बसल्यावर मात्र ही मुले एका विशिष्ट ठिकाणी चुकतात. समोरचा लेहरा क्षणभर थांबून त्यांच्यासाठी जागा करू शकतो, ही शक्यताच त्यांच्या हातांना ठाऊक नसते.

मुंबईत हा बदल वेगळ्या घरातून आला. चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँड कंपनीची नवी यंत्रे घेऊन ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. टीआर-८०८ या तालयंत्रावर सोळा कळा ओळीने असतात. हव्या त्या दाबायच्या, की सोळा पायऱ्यांचा ठेका फिरत राहतो. तबकडी तेव्हा फारशी कुणी ऐकली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा जगभर तिचे कौतुक झाले. २०१५ मध्ये चरणजित सिंग निवर्तले. सोळा पायऱ्या आणि त्रितालाच्या सोळा मात्रा यांवरून बरेच भावुक लिखाण झाले आहे. ते साम्य फसवे आहे. यंत्रातल्या सोळा पायऱ्या म्हणजे चार ठोक्यांचे प्रत्येकी चार तुकडे. त्रितालाच्या सोळा मात्रांना चार विभाग असतात आणि तिसरा विभाग खाली असतो. नवव्या मात्रेला डग्गा उठतो, ‘धिं’ चे ‘तिं’ होते, आणि त्या उणेपणावरून आपण तालात कुठे आहोत हे कळते. ताल गोल आहे खरा, पण त्या गोलाला एक अंधारी बाजू आहे.

मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओंतल्या वादकांवर ग्रेगरी बूथ यांनी २००८ साली ‘बिहाइंड द कर्टन’ हा ग्रंथ लिहिला. पन्नास-साठ माणसे एका दालनात बसून एकत्र वाजवीत, ती पद्धत यंत्रे आणि वेगवेगळे ट्रॅक आल्यावर कशी संपली, त्या माणसांच्या तोंडून तिथे वाचायला मिळते. त्या वादकांतले कितीतरी गोव्याचे होते आणि बहुतेकांची नावे तबकडीवर कधी आली नाहीत. ग्रंथाचे शीर्षक त्यामुळे जरा जास्तच नेमके वाटते.

नंतरचा इतिहास भराभर घडला. क्युबेस १९८९ मध्ये आले आणि संगीत पडद्यावर आडव्या पट्ट्यांच्या रूपात दिसू लागले. १९९४ च्या रीसायकलने ध्वनिमुद्रित ठेक्याचे ठोक्याठोक्याने तुकडे करून दिले. फ्रूटीलूप्सचा जन्म १९९७ चा. १९९८ च्या अ‍ॅसिडने कोणताही तुकडा कोणत्याही गतीत ताणून वा आवळून बसवण्याची सोय केली, आणि सूर न बदलता लय बदलणे ही माऊसची एक हालचाल झाली. २००१ मध्ये एबलटन लाइव्ह, २००४ मध्ये अ‍ॅपलचे गॅरेजबँड, सोबत तयार तुकड्यांचे भांडार. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात आता घरातल्या एका खोलीत, भिंतीला गाद्या लावून, भीमगीते, देवीची गाणी आणि लग्नातली गाणी तयार होतात. ढोलकी बहुधा विकतच्या किंवा फुकट मिळालेल्या तुकड्यातली असते. ज्या मुलांना एरवी कुठल्याच स्टुडिओची पायरी चढता आली नसती त्यांचे गाणे गावाबाहेर जाते, ही गोष्ट लहान नाही. छापखान्याने गाळलेली आणि तबकडीने आखडलेली आवृत्ती संगणकाने फुकट करून टाकली.

फुकटाची मात्र स्वतःची अशी एक आवड-निवड असते. सॉफ्टवेअर उघडले की ते चार ठोक्यांचा हिशोब मांडूनच उघडते. आठ मात्रांचा केरवा त्यात अलगद बसतो. दादऱ्यासाठी मांडणी बदलावी लागते. रूपकाच्या सात मात्रा तर खालीपासूनच सुरू होतात. त्या बसवण्यासाठी आधी सॉफ्टवेअरची समजूत काढावी लागते, आणि ती काढण्याचा कंटाळा येऊन मुले केरव्याकडे परततात. त्रिताल घेतला तरी पहिल्या चार मात्रांचा गोड तुकडा कापून फिरवला जातो. मग काय होते? भरीमागून भरी, भरीमागून भरी, खाली कधीच येत नाही. ऐकणाऱ्याला चूक सापडत नाही, फक्त आपण कुठे आहोत ते कळेनासे होते.

त्या वृद्ध झीलकऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तरही असेच तांत्रिक निघाले. माझ्या विद्यार्थ्याने ते मला पडद्यावर दाखवले. तुकडा फिरवायचा तर त्याचे शेवटचे टोक पहिल्या टोकाला बेमालूम जुळले पाहिजे. आवाजाची लाट मधल्या रेषेवर असते नेमक्या त्या क्षणी कापले नाही, तर प्रत्येक फेरीला ‘टक्’ असा खटका ऐकू येतो. तेव्हा शब्द जिथे सुरू होतो तिथे एक काप, जिथे विरतो तिथे दुसरा. आणि या दोन कापांच्या बाहेर, दोन झिलींच्या मधल्या फटीत, काय असते? श्वास असतो. छातीत हवा भरल्याचा तो लहानसा आवाज, एखाद्याचे खाकरणे, शेजाऱ्याने ‘हां’ म्हणणे. सफाईसाठी जे कापावे लागले, नेमके तेवढेच त्या माणसाने शोधले होते.

यानंतर विद्यार्थ्याने काम नव्याने मांडले. एकच झील न घेता त्या गाण्यातल्या सगळ्या झिली, फटींसकट, त्याने जशाच्या तशा ओळीने ठेवल्या. लगेच ढोलकीचा लूप आणि झिली यांचे भांडण सुरू झाले. ढोलकी एका लयीत घट्ट आणि झिली हळूहळू पुढे सरकलेल्या. सॉफ्टवेअरचा सल्ला असा, की झिली आवळून लयीत बसवाव्यात. त्याने उलट केले. प्रत्येक झिलीला कुठे सम पडते त्याच्या खुणा हाताने केल्या आणि ढोलकीला त्या खुणांमागे चालायला लावले. या एका गाण्याला त्याला सहा आठवडे लागले. अजूनही मधला एक भाग त्याला पटलेला नाही. यंदाच्या मंडईत एखादा ढोलकीवाला गाठून तेवढा भाग समोरासमोर वाजवून घ्यायचा त्याचा बेत आहे.

दरम्यान त्याने गाण्याची संहिताही उतरवली, आली तितक्या वेळा झील लिहीत. ‘ध्रु.’ घातला असता तर अर्ध्या पानात मावली असती. झाली साडेतीन पाने. कोणती झील लांबली, कोणती मध्येच तुटली, कुठे शाहीर ओळ विसरला, ते सगळे त्यात आहे. एका वार्षिकांकाकडे ती आम्ही पाठवली होती. मजकूर आवडला, पण पुनरावृत्ती गाळून दिल्यास जागा करता येईल, असे उत्तर आले आहे.